खुलाशाला वंश नसतो

चिंचोक्याच्या पाण्याचा वंशवृक्ष वर्गाच्या भिंतीवर उमटला तेव्हा आधी सगळे हसले. एकानं पाण्यात मध घातला होता, दुसऱ्यानं नऊ चिंचोक्यांचे अकरा केले होते, तिसऱ्यानं रक्तदाब खोडून तिथं गुडघेदुखी आणून बसवली होती. नाझनीन मुजावर काठीनं एकेक फांदी दाखवत होत्या. त्या शिरोळच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होत्या. पस्तिशीत ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला आल्यामुळे वर्गातली पोरं त्यांना ताई म्हणत.

"मूळ मजकूर असा आहे," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "नऊ चिंचोके भाजून साल काढा. रात्रभर तांब्यात भिजत घाला. सकाळी अनशापोटी पाणी प्या. जुन्या वैद्यांच्या मते एकवीस दिवसांत रक्तदाब मुळातून जातो आणि गोळीची सवय सुटते."

मागच्या बाकावर बसलेल्या प्रा. शैलजा मगदूम यांना पुढचं ऐकायची गरज नव्हती. त्या मजकुरातला शब्द न् शब्द त्यांच्या ओळखीचा होता.

नाझनीन यांनी काठी बुंध्याशी नेली आणि थांबल्या. ज्या यंत्रणेवर हे चाललं होतं तिचं नाव 'उगम'. तिचं तत्त्व साधं होतं. निरोप पुढं पाठवला जाताना थोडा थोडा बदलतो. एखादा शब्द गळतो, एखादा चिकटतो. विषाणूंच्या जनुकांतले असे बदल जुळवून शास्त्रज्ञ साथीचा माग काढतात. तेच गणित निरोपांना लावलं, तर कोणता निरोप कोणाच्या पोटी जन्मला ते काढता येतं. नव्या कायद्यानं आरोग्यविषयक निरोपांच्या प्रती सार्वजनिक साठ्यात ठेवल्या जाऊ लागल्यापासून हे घडू शकत होतं. साठ्यात व्यक्तींची नावं आणि नंबर पुसलेले असत. संस्थांची नावं मात्र ठेवलेली असत. हा साठा उघडण्याचा परवाना ग्रंथालयांना मिळाला, तेव्हा शैलजाबाईंनी विभागात पेढे वाटले होते. माहिती कुठून आली ते आधी विचारा, हे त्या वीस वर्षं घसा फोडून सांगत होत्या. आता ते यंत्रच सांगणार होतं.

"मॅडम," नाझनीन हळू आवाजात म्हणाल्या, "मूळ आपल्याच विभागात दिसतंय."

हसू थांबलं.

"बरोबर आहे," शैलजाबाई म्हणाल्या. "तो मजकूर माझा आहे. गेल्या वर्षीच्या प्रात्यक्षिकासाठी लिहिला होता."

त्यांनी वर्गाला सगळं नीट सांगितलं. खोटा आरोग्यसंदेश ओळखण्याचा सराव द्यायचा तर आधीच फिरत असलेली खोटी उदाहरणं चालत नाहीत. पोरं शोधून उत्तर काढतात. म्हणून नवं खोटं रचावं लागतं. शिकवलेल्या सगळ्या खुणा त्यात हव्यात. नेमका आकडा हवा, जुन्या वैद्यांसारखा बिननावाचा अधिकारी हवा, घरात सापडेल अशी वस्तू हवी. पडद्यावर खालच्या कोपऱ्यात 'सरावासाठी, असत्य' असा लाल शिक्का होता. कोणीतरी फोटो काढला होता आणि शिक्का चौकटीत बसत नाही म्हणून कापून तो विभागाच्या गटावर टाकला होता.

"म्हणजे मॅडम, तुमचा निरोप फारच चांगला जमला होता," पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा पिकला. शैलजाबाईही हसल्या. हसताना आपल्याला थोडा अभिमान वाटतो आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याच्या कडेला, खिडकीपाशी, तांब्या झाकून ठेवला होता. त्यांनी झाकण उचललं. तळाशी गुळगुळीत, सोललेले चिंचोके होते. मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजले.

"त्याला हात लावू नगंस," मागून आवाज आला. "उद्याचं हाय ते."

इंदुमती आक्का म्हणजे शैलजाबाईंच्या थोरल्या नणंद. सत्तरीच्या. भावाच्या माघारीही त्या भावजयीजवळच राहिल्या होत्या. खरं म्हणजे त्या लग्नापासूनच सोबत होत्या. शैलजाबाईंनी पीएचडी केली ती आक्कांनी लेकीला सांभाळलं म्हणून. प्रबंध टंकून झाला त्या दिवशी लेक आक्कांनाच आई म्हणत होती.

"कधीपासून पिताय आक्का?"

"झाले की दोन म्हयने. पापडाच्या गटातल्या सगळ्या पित्यात."

"आणि गोळी?"

आक्कांनी भाजी निवडत असल्याचं सोंग केलं. शैलजाबाईंनी औषधांचा डबा उघडला. पांढऱ्या गोळ्यांच्या पट्ट्या भरलेल्याच होत्या. त्यांनी कपाटातून रक्तदाबाचं यंत्र काढलं, आक्कांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा स्थिरावला. एकशे नव्वदच्या वर.

"काय म्हणतंय तुझं डबडं?"

"आक्का, हे फार जास्त आहे. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा एवढंच होतं."

"मला काय बी होत न्हाई. डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई. उलट हलकं वाटतंय. गोळी घेत होतो तवाच सुस्ती यायची."

"आक्का, ते चिंचोक्याचं खोटं आहे. मीच लिहिलंय ते."

आक्कांच्या हातातली मेथीची जुडी थांबली. त्यांनी भावजयीकडे वर मान करून पाहिलं. मग त्या अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"तू? तुला आमटीला फोडणी धड देता येत न्हाई, आणि तू औषध काढलंस व्हय?"

"खरंच सांगते. वर्गात शिकवायला लिहिलं होतं. खोटं कसं ओळखायचं ते शिकवायला."

"खोटं ओळखायला खोटं लिवायचं? असलं शिकवतीस व्हय कॉलेजात?" आक्का पुन्हा जुडीकडे वळल्या. "आगं, त्या कुरुंदवाडच्या बाईंचा दाब गेला ह्यानं. हेरल्याची दुसरी. ह्या काय तुझ्या वर्गात हुत्या?"

शैलजाबाईंनी पुढचे दोन दिवस जमेल ते केलं. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रागावून त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं. सकाळी शैलजाबाई स्वतः गोळी हातावर ठेवू लागल्या. आक्का ती निमूट तोंडात टाकत. तिसऱ्या दिवशी कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालताना शैलजाबाईंना मातीत पांढरे ठिपके दिसले.

त्यांनी विभागाच्या ग्रंथालयाच्या नंबरावरून खुलासा पाठवला. हा नंबर गावातल्या बहुतेक गटांत होता. पुस्तकं परत करण्याच्या सूचना, रक्तदान शिबिरं, पुराच्या पाण्याची पातळी, हे सगळं त्यावरून जाई. त्या नंबरावरून आजवर एकही चुकीची गोष्ट गेली नव्हती. खुलासा नेटका होता. चिंचोक्याच्या पाण्यानं रक्तदाब कमी होत असल्याचा कोणताही पुरावा नाही, गोळ्या बंद करू नयेत, शंका असल्यास ग्रंथालयात यावे. त्याला पुष्कळ अंगठे आले. ग्रंथालयात कोणी आलं नाही.

त्यांनी विभागात बसून उगम उघडलं आणि खुलाशाचा वृक्ष मागितला. पडद्यावर एकच ठिपका आला. खुलासा कोणीही पुढं पाठवला नव्हता. चिंचोक्याच्या निरोपाला बाकीच्या संस्थांनी, डॉक्टरांनी, शहाण्या नातवंडांनी दिलेले खुलासे त्यांनी शोधले. सगळीकडे तेच. ठिपका, आणि पुढं काही नाही. खुलाशाला वंश नसतो.

मग त्या जगलेल्या फांद्या पाहू लागल्या. तिथं त्यांना जे दिसलं ते सगळ्या पाठ्यपुस्तकांनी सांगितलेल्या गोष्टीच्या उलट होतं. निरोपाला नाही म्हणणारी फांदी मरत होती. निरोपात भर घालणारी फांदी जगत होती. मध घाला, जगली. तांब्याचंच भांडं हवं, जगली. पूर्वेकडे तोंड करून प्या, तीही जगली. लोकांना आपल्याकडचं ज्ञान कोणी हिसकावून घेतलेलं चालत नव्हतं. ते पुरं करून दिलं तर हवंच होतं. उगमनं तर शेवटी एक आलेखही दिला. कोणत्या जातीची भर किती पिढ्या टिकते याचा. माग काढण्यासाठी बनवलेलं यंत्र कलम कुठं बांधायचं तेही सांगत होतं. ते कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

शैलजाबाईंनी खिडकी लावून घेतली. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती.

त्यांना फार विचार करावा लागला नाही, याचंच त्यांना नंतर जास्त वाईट वाटलं. हात आपोआप चालला. जुने वैद्य, नेमकी वेळ, घरातली वस्तू. त्यांनी लिहिलं: "चिंचोक्याचं पाणी नुसतं अंगी लागत नाही, म्हणून काहींना गुण येत नाही. सकाळच्या रक्तदाबाच्या गोळीबरोबरच प्यावं. गोळी चुकली तर त्या दिवशीचं पाणी वाया जातं."

त्यांनी ते ग्रंथालयाच्या नंबरावरून पाठवलं. स्वतःच्या नंबरावरून पाठवलं असतं तर आक्कांनी विश्वास ठेवला नसता.

आठवडाभरात आक्का गोळी घेऊ लागल्या. लपवणं नाही, कुरकुर नाही. तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतायचं, गोळी जिभेवर ठेवायची, वर पाणी. तीन आठवड्यांनी आकडा एकशे चाळीसच्या आत आला.

"बघितलंस?" आक्का दंडावरचा पट्टा सोडत म्हणाल्या. "आणि तू म्हणं शिकवतीस! पाणी गोळीसंगं घ्यायचं हुतं, तेवढंच चुकत हुतं."

शैलजाबाईंनी यंत्राची नळी गुंडाळली. ती नीट गुंडाळली जाईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

नाझनीन मुजावर त्यांच्या खोलीत आल्या तेव्हा हातात छापील कागद होता. त्यांनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, चिंचोक्याला नवी फांदी फुटलीय. गोळीसोबतची. जुन्या सगळ्या फांद्या मागं टाकल्या हिनं. आमच्या शिरोळच्या दवाखान्यातले डॉक्टर सांगत होते, सोडून गेलेले रुग्ण गोळ्यांसाठी परत येतायत."

"बरं झालं."

"हिचंही मूळ आपल्याच विभागात आहे."

नाझनीन यांच्या चेहऱ्यावर आरोप नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"मी आधी घाबरले. मग म्हटलं, मॅडमनी काय डोकं चालवलंय! मॅडम, हे आम्हाला शिकवायला हवं. मधुमेहाचा तो जांभळीच्या काड्यांचा निरोप आहे, तिथंही असंच जोडता येईल. मी दोन-तीन मजकूर करून आणलेत. बघता का?"

त्यांनी कागद पुढं केला. मजकूर उत्तम होते. नेमका आकडा, बिननावाचा अधिकारी, घरातली वस्तू. वीस वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्यानं शैलजाबाईंची शिकवण इतकी पुरती उचलली नव्हती.

"हे पाठवू नका," त्या म्हणाल्या.

"का मॅडम? तुम्ही तर पाठवलंत."

याला उत्तर होतं. माझ्या नणंदेचा जीव जात होता, हे ते उत्तर. पण जांभळीच्या काड्यांचं पाणी पिणारीही कोणाची तरी नणंद असणार, हे समोरच्या बाईला समजत होतं आणि शैलजाबाईंनाही.

"माझ्या प्रबंधात मूळ काय लिहू मग?" नाझनीन यांनी विचारलं. "संस्था म्हणून लिहू की तुमचं नाव?"

"माझं नाव लिहा. दोन्ही ठिकाणी."

नाझनीन यांनी कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. फाडला नाही. शैलजाबाईंनी ते पाहिलं.

त्या घरी आल्या तेव्हा डोकं ठणकत होतं. चपला काढून त्या सोफ्यावर टेकल्या. आक्कांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या फुलपात्र घेऊन. दुसऱ्या हाताच्या तळव्यावर पांढरी गोळी होती.

"घे."

"हे काय?"

"चिंचोक्याचं पाणी. चेहरा बघ कसा उतरलाय तुझा. आणि ही गोळी. नुसतं पाणी अंगी लागत न्हाई."

"आक्का, मला रक्तदाब नाही."

"नसू दे की. पाणी काय दाबालाच चालतंय व्हय? डोक्याला, गुडघ्याला, सगळ्याला चालतं. फकस्त गोळी संगं पायजे. शेजारच्या मालनला कुठं दाब हाय? तिचं गुडघं. दिली की मी तिला माझ्यातली एक पट्टी. चार दिवस झालं घेत्या."

शैलजाबाईंच्या हातात फुलपात्र तसंच राहिलं. "मालनताईंना बरं वाटतंय?"

"उठताना डोळ्यापुढं अंधारी येती म्हणं. काल न्हाणीत भिंत धरून बसली हुती. गुण यायच्या आधी हुतं तसं."

त्यांनी वाक्य शोधलं. सवयीनं पहिलं वाक्य आलं ते एका नव्या निरोपाचं होतं. रक्तदाब नसलेल्यांनी पाणी गोळीशिवाय प्यावं, अन्यथा... ते तयारच होतं, आकड्यासकट. ते पाठवलं असतं तर चाललंही असतं, आणि त्याला फुटलेली पोरं आणखी कोणाच्या तरी न्हाणीत पोचली असती. त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं.

"आक्का, ही गोळी काय करते, ते तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोण सांगणार? डॉक्टरनं लिवून दिली. रोज घ्या म्हणाला."

"कधीपासून घेता?"

"माझा भाऊ बाळू हुता तवापासनं. बारा-तेरा वर्सं."

आरोग्यसाक्षरतेच्या कार्यशाळा घ्यायला शैलजाबाई याच तेरा वर्षांत गावोगाव फिरल्या होत्या. अंगणवाडीत, पंचायतीत, साखर कारखान्याच्या वसाहतीत. प्रत्येक वेळी निघताना आक्का डबा भरून देत. डबा देणाऱ्या बाईला तिची गोळी कशासाठी आहे, हे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. खोटं आहे म्हणून सांगितलं. पुरावा नाही म्हणून सांगितलं. मग फसवलं. एवढंच राहून गेलं होतं.

"आपल्या बोअरची मोटर," त्या म्हणाल्या. "मोटर चालू आणि वरचा नळ बंद असला की काय होतं?"

"हुतंय काय! पाईप सुटतो. गेल्या उन्हाळ्यात न्हाई का परसात कारंजं उडालं."

"सुटायच्या आधी पाईप ओरडतो का? काही कळतं?"

"ते कुठलं कळायला. एकदम फट्."

"अंगातल्या रक्ताचंही तसंच. तुमच्या आत मोटर जास्त जोरात चालते. सासूबाईंचीही चालायची. त्यांचा पाईप डोक्यात फुटला. ही गोळी मोटरचा जोर कमी करते. एकच दिवस करते, म्हणून रोज घ्यायची. बरं वाटतं म्हणून सोडायची नाही, कारण वाईट वाटतच नाही."

आक्का खाली बसल्या. तळव्यावरच्या गोळीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, जणू ती पहिल्यांदाच दिसत होती.

"मग चिंचोके काय करत्यात?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही आक्का. मी लिहिलं होतं ते."

या वेळी आक्का हसल्या नाहीत. "आणि गोळीसंगं घ्या म्हणून?"

"तेही मीच."

आक्कांनी तोंड फिरवलं. स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या तांब्याकडे बघत त्या काही तरी जुळवत होत्या. शैलजाबाई शिव्यांची वाट बघत होत्या. त्या त्यांना हव्या होत्या.

"शैला," आक्का सावकाश म्हणाल्या, "म्हणजे मालनची मोटर बरोबर चालली हुती. आणि मी तिचा जोर काढून घेतला."

"हो."

"मग तिचं पाणी वरच्या टाकीत चढतच नसंल. म्हणून अंधारी येती!"

"हो, आक्का," शैलजाबाई म्हणाल्या. वर्गात असं उत्तर त्यांना कधी मिळालं नव्हतं.

आक्का गुडघ्यावर हात रेटून उठल्या. गोळी त्यांनी पट्टीजवळ डब्यात ठेवली, तांब्यातलं पाणी चिंचोक्यांसकट मोरीत ओतलं. मग पदर खांद्यावर घेतला.

"एवढं साधं हुतं, तर आदी का न्हाई सांगितलंस?"

शैलजाबाईंच्या फोनवर उगमची खूण लुकलुकत होती. फांदीला नवी पालवी फुटली होती. कुरुंदवाड, हेरले, पार मिरजेपर्यंत. त्या सगळ्या दारांत त्या पोचणार नव्हत्या. गोळीला चिकटलेलं खोटं आता गोळीइतकंच जगणार होतं.

आक्का दारात थांबल्या होत्या. "चल मालनकडं. ते दाबाचं डबडं घे बरूबर."

"हो, चला."

"आणि बोलायचं मी," आक्का चपलेत पाय घालत म्हणाल्या. "तू मोटरचं तेवढं सांग. बाकीचं तुझ्या तोंडून नगं. तू सांगितलंस की खोटं बी लईच खरं वाटतं."